कोठाराची किल्ली कोणाच्या कमरेला?

अन्नप्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन प्रश्नांपाशी येऊन थांबते. देशात धान्य किती पिकले, आणि गरिबाला ते काय भावाने मिळाले? दोन्ही प्रश्न मोलाचे आहेत. पहिल्याचे उत्तर साठच्या दशकाच्या उत्तरार्धातील हरितक्रांतीने बऱ्याच अंशी दिले. दुसऱ्याचे उत्तर मिळविण्यासाठी लोकांना रस्त्यावर यावे लागले. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली महागाईविरुद्ध लाटणी घेऊन निघालेल्या मुंबईच्या स्त्रिया याच दुसऱ्या प्रश्नाचा जाब सरकारला विचारीत होत्या. परंतु या दोहोंच्या मधोमध एक तिसरा प्रश्न आहे आणि तो फारसा कोणी विचारीत नाही. पिकलेले धान्य कोणाच्या कोठारात जाते, त्या कोठाराची किल्ली कोणाच्या कमरेला असते, आणि मापून देणारा हात कोणाचा असतो?

हा प्रश्न आज उपस्थित करण्याचे कारण असे की, धान्य देण्याच्या बाबतीत आपण बरीच मजल मारली आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातील ७५ टक्के आणि शहरी भागातील ५० टक्के लोकसंख्येपर्यंत माणशी दरमहा ५ किलो धान्याचा हक्क पोचविला. अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो मिळतात. जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य झाले असून सुमारे ८० कोटी लोक त्याचे लाभधारक आहेत. ‘फुकटच्या धान्याने मजूर आळशी झाला’ असे म्हणणारा एक वर्ग प्रत्येक गावात व प्रत्येक वृत्तपत्रात भेटतो. त्याला एवढेच सांगावे की महिन्याला ५ किलो धान्यावर कोणीही आळशी होऊ शकत नाही; पोट भरायलाही ते पुरत नाही. मजूर आता पूर्वीच्या मजुरीला येत नाही, ही खरी तक्रार आहे, आणि तो या कायद्याचा दोष मानण्याचे कारण नाही.

तेव्हा रेशनवर मी जे आक्षेप घेणार आहे ते रेशन मोडावे म्हणून नव्हेत. ते नीट उभे राहावे म्हणून आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालकांची वाढ खुरटलेली आहे आणि १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. या आकड्यांमागे कारणे अनेक आहेत. पाणी, आरोग्यसेवा, मुलींची लहान वयातील लग्ने ही सारी त्यांत येतात. पण ताटातील धान्य हे त्यांपैकी एक कारण निश्चित आहे. आणि ताटात काय येणार हे ज्या गावात ताट वाढले जाते त्या गावात ठरत नाही. ते पंजाब, हरियाणा, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण येथील खरेदीकेंद्रांवर आणि दिल्लीच्या फायलीवर ठरते.

हे वेगळ्या प्रकारे करता येते का, याचा एक प्रयोग आपल्या सीमेपलीकडे काही कोसांवर होऊन गेला आहे. आपल्याकडे त्याची चर्चा जवळजवळ झाली नाही, म्हणून तो जरा विस्ताराने सांगतो.

तेलंगणातील जहिराबाद हा तालुका आपल्याला परका वाटतो, पण तो तसा नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत जहिराबाद आणि आपले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके पूर्वीच्या हैदराबाद राज्यातील एकाच बीदर जिल्ह्यात मोडत. जिरायत जमीन, ज्वारी-तुरीचे जेवण, देशमुखी व सावकारी यांचा वारसा, हे सगळे समान. या तालुक्यातील पस्तापूर या गावी १९८३ साली दख्खन विकास संस्था (डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी) सुरू झाली. तिच्या संस्थापकांपैकी पी. व्ही. सतीश हे पूर्वी दूरदर्शनवर कार्यक्रम-निर्माते होते. २०२३ च्या मार्चमध्ये ते निवर्तले. संस्थेचे काम उभे राहिले ते गावोगावच्या ‘संगम’ नावाच्या गटांवर. या गटांतील स्त्रिया बहुसंख्येने दलित, अल्पभूधारक किंवा भूमिहीन, आणि बहुतेक निरक्षर होत्या.

१९८३ हे साल आणखी एका कारणाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. याच वर्षी आंध्र प्रदेशात एन. टी. रामाराव सत्तेवर आले आणि त्यांनी दोन रुपये किलोने तांदूळ देण्याची योजना राबविली. गरिबांच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट होती. परंतु जिरायत भागात तिचा एक अनपेक्षित परिणाम झाला, आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्याचा अभ्यास करावा असा तो आहे. जमीनवाटपात दलितांच्या वाट्याला आली होती ती मुरमाड, उथळ, गावाच्या कडेची जमीन. तिच्यात ज्वारी काढायची तर नांगरट, खत, बी यांसाठी रोख पैसा हवा आणि तो सावकाराकडूनच आणावा लागे. बाजारात ज्वारीला भाव नाही, सरकार ज्वारी विकत घेत नाही, आणि दुकानात तांदूळ दोन रुपयांना. मग जमीन कसायची कशासाठी? जमीन पडीक राहू लागली. जमिनीबरोबर तिच्यावरची मजुरी गेली, कडबा गेला, कडब्याबरोबर जनावरे गेली, जनावरांबरोबर शेणखत गेले. पोटात तांदूळ आला, पण तो वर्षभर पुरेल एवढा येत नसे. पावसाळ्याच्या तोंडी, जुने धान्य संपलेले आणि नवे शेतात अशा महिन्यांत, पुन्हा सावकाराच्या दारी जाणे आलेच.

नव्वदच्या दशकाच्या मध्यात संगमांनी यावर जो उपाय काढला तो असा. केंद्र सरकारच्या ग्रामविकास खात्याकडून मिळालेल्या निधीतून पडीक जमिनीच्या मालकांना एकरी आगाऊ रक्कम दिली गेली. ती एकदम हाती न देता नांगरट, शेणखत, पेरणी, निंदणी अशा टप्प्यांनी, काम झाल्याचे पाहून, गावच्या स्त्रियांच्या समितीने दिली. फेड पैशात करायची नव्हती. ती ज्वारीत करायची होती. आलेली ज्वारी तालुक्याच्या गोदामात गेली नाही. ती गावातच, शेणामातीने लिंपलेल्या कणग्यांत, कडुनिंबाचा पाला घालून ठेवली गेली. पावसाळ्याच्या टंचाईत ती बाजारापेक्षा कमी भावाने गावातील गरीब कुटुंबांना विकण्यात आली. विक्रीचे पैसे बँकेत जमा झाले आणि पुढच्या वर्षी नवी पडीक जमीन उठविण्यासाठी वापरले गेले. तीसएक गावांमध्ये मिळून अडीच हजार एकरांहून अधिक जमीन अशी लागवडीखाली आली.

आता गरीब कोण हे ठरविण्याची त्यांची रीत पाहा. दारिद्र्यरेषेच्या व्याख्येवर दांडेकर व रथ यांच्या १९७१ च्या ग्रंथापासून आजतागायत किती शाई खर्ची पडली आहे हे आम्हा मास्तर मंडळींना चांगले ठाऊक आहे. त्या शाईला मी नावे ठेवणार नाही. माझाही त्यात खारीचा वाटा आहे. परंतु जहिराबादच्या गावांत चौकात जमिनीवर रांगोळीने गावाचा नकाशा काढला गेला, आणि प्रत्येक घरापुढे उघडपणे चर्चा करून त्या घराची प्रतवारी ठरविली गेली. जमीन किती आणि कशी, घरात कमावते हात किती, जनावरे आहेत का, मूल शाळेत जाते की सालावर आहे, अशा खुणा गावकऱ्यांनीच ठरविल्या. सर्वांत हलाखीच्या घराला सर्वांत जास्त ज्वारीचा हक्क मिळाला, त्याहून बऱ्या स्थितीतल्या घराला कमी. एखाद्या बऱ्यापैकी कुणब्याने आपले नाव खालच्या श्रेणीत घुसविण्याचा प्रयत्न केला तर ते सगळ्या गावादेखत करावे लागे. तलाठ्याच्या टेबलावर जे सहज होते ते चौकात होत नाही.

याच्याच जोडीने बियाण्यांचा कारभार चाले. राळा, वरई, बाजरी, ज्वारीचे अनेक वाण, तूर, मूग, जवस, अंबाडी अशी एका एकरात मिसळून पेरली जाणारी पिके. त्यांचे बी एका स्त्रीच्या घरी राखलेले, ज्याला हवे त्याने न्यावे आणि सुगीनंतर नेल्यापेक्षा जास्त आणून द्यावे. ज्या स्त्रीच्या हातचे पाणीही गावातील थोर घरे कालपर्यंत पीत नव्हती, तिच्या दारी बी मागायला त्याच घरांतील माणसे येऊ लागली. दरवर्षी संक्रांतीला हे वाण बैलगाड्यांतून गावोगाव मिरवीत नेण्याची जत्रा सुरू झाली. २००८ साली या स्त्रियांनी स्वतःचे नभोवाणी केंद्र चालू केले, आणि २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा ‘इक्वेटर’ पुरस्कार संस्थेला मिळाला. पुरस्काराचे मला फारसे अप्रूप नाही. बी मागायला कोण कोणाच्या दारात गेले, हे मला त्याहून मोठे वाटते.

येथे कोणी म्हणेल की हे तर आपल्या जुन्या गावगाड्यातही होते. धान्य गावातच राही, पेवांत साठे, बलुतेदाराला खळ्यावर वाटा मिळे. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे जमिनीत खणलेल्या पेवांत ज्वारी वर्षानुवर्षे ठेवीत, हे खरेच आहे. आता पेवे बुजली आणि भाषेत तेवढे ‘पेव फुटणे’ शिल्लक राहिले. परंतु पेव कोणाचे होते? ते पाटलाचे, देशमुखाचे, सावकाराचे होते. दुष्काळात ते उघडे, पण सवाईने, दिढीने. पावसाळ्यात नेलेल्या पायलीची सुगीला दीड पायली. आणि खळ्यावरचा वाटा हा हक्क म्हणून मोजला जात नसे, उपकार म्हणून टाकला जाई. अस्पृश्यांच्या पदरात तो कसा पडे याची वर्णने दलित आत्मकथनांतून वाचकांनी वाचलीच असतील. महात्मा फुल्यांनी शेतकऱ्याच्या लुटीची जी साखळी दाखविली तिच्यातली कित्येक कडी गावातलीच होती. संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या भाबड्या गौरवाचा जो समाचार घेतला तो विसरून ‘समुदाय’, ‘लोकसहभाग’ असे गोड शब्द वापरणे हे आपल्याला शोभणारे नाही. जहिराबादची कणगी मातीची आहे, निंबाचा पाला जुनाच आहे. पण किल्ली ज्या कमरेला लागली ती कमर गावाच्या इतिहासात प्रथमच किल्ली बाळगीत होती. या प्रयोगातले नवे आहे ते हेच, आणि अनुकरण करायचे ते याचेच.

‘समुदाय’ हा शब्द किती सहज पळवून नेता येतो याचे उदाहरण शोधायला महाराष्ट्राबाहेर जावे लागत नाही. सहकाराचेच पाहा. धनंजयराव गाडगीळ व विठ्ठलराव विखे पाटील यांनी प्रवरानगरला पहिला सहकारी साखर कारखाना उभा केला तेव्हा लहान शेतकऱ्याला गूळ-व्यापाऱ्याच्या पाशातून सोडविण्याचा हेतू होता आणि तो काही काळ साधलाही. पुढे ज्याच्या शेतात पाणी तोच सभासद, आणि ज्याचा ऊस जास्त त्याचाच आवाज मोठा, असे झाले. ऊस तोडणारा बीडचा मजूर या सहकारात कधीच सहकारी नव्हता.

दुसरे उदाहरण अधिक बोचरे आहे. अंगणवाडीच्या आहारातून ठेकेदार हद्दपार करावेत आणि ते काम गावच्या महिला मंडळांना, बचत गटांना द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच बजावले होते. महाराष्ट्रात काय झाले? घरी नेण्याच्या आहारासाठी २०१६ साली निघालेल्या निविदेत अटीच अशा होत्या की खरा बचत गट दाराबाहेर राहावा आणि मोठ्या भांडवलाची मंडळी महिला संस्थांच्या नावाने आत यावीत. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या अटी रद्द ठरविल्या. ठेकेदाराने लुगडे नेसले म्हणून त्याचा बचत गट होत नाही, हे सांगायला देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला वेळ काढावा लागला!

तरीही निराश होण्याचे कारण नाही, कारण याच महाराष्ट्रात खरेखुरे प्रयत्नही झाले. मुंबईत गिरणी कामगारांना घरी जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. या बाया उधारीवर किराणा आणीत आणि वाण्याच्या व्याजाखाली पिचत. १९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते म्हणूनच त्यांना बँकेचा दरवाजा ठोठावता आला. संघटना आणि सार्वजनिक पैसा एकत्र आल्यावर काय होते याचा हा धडा आहे. पुण्यात हमाल पंचायतीने बाबा आढाव यांच्या पुढाकाराने सत्तरच्या दशकात ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. पाठीवर पोती वाहणाऱ्याला रास्त दरात पोटभर, घरच्यासारखे जेवण मिळावे आणि ते रांधणाऱ्या स्त्रीलाही रास्त वेतन मिळावे, अशी ती कल्पना. बाजार समितीतल्या धान्याचा प्रत्येक दाणा ज्याच्या पाठीवरून जातो त्याच्याच पोटाचा विचार कोणी केला नव्हता. तो त्यांनी स्वतःच केला. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी घरात राखलेल्या गावरान बियाण्यांचे काम आता सर्वांना माहीत आहे. २०२० च्या पद्म पुरस्कारांच्या यादीत त्यांचे नाव आले आणि त्या शालेय मुलांच्याही ओळखीच्या झाल्या.

मात्र बी राखले, तरी ते पेरून आलेले धान्य घेणार कोण, हा प्रश्न राहतोच. आणि आपला जिरायत शेतकरी नेमका तेथेच हरला आहे. महाराष्ट्र राज्य स्थापन झाले तेव्हा राज्यात ज्वारीखाली साठ लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र होते. आज ते वीस लाखांच्याही खाली उतरले आहे. ज्वारीची जागा कोठे सोयाबीनने घेतली, कोठे कपाशीने, कोठे उसाने. यात शेतकऱ्याचा मूर्खपणा नाही. त्याने बाजाराचे गणित बरोबर सोडविले. गणितच चुकीचे मांडले होते. गहू आणि तांदूळ यांच्या मागे १९६५ पासून अन्न महामंडळ उभे राहिले. ज्वारीच्या मागे हमीभावाचा कागद तेवढा राहिला. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले आणि त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पी भाषणात ज्वारी-बाजरी-नाचणीला ‘श्रीअन्न’ म्हणून गौरविण्यात आले. नाव मोठे झाले. शहरांतल्या चकचकीत दुकानांत नाचणीची बिस्किटे आणि राळ्याचे पोहे आले, त्यांच्या किमतीही ‘श्री’ला साजेशा. जिने पिढ्यान्‌पिढ्या नाचणीची भाकरी थापली ती मात्र आता रेशनचा तांदूळ शिजविते, आणि तिच्या डोंगरातली नाचणी मधुमेही मध्यमवर्गाच्या पथ्यासाठी पुडीत भरली जाते.

मग करायचे काय? कायदा आड येत नाही. अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य पहिल्यापासून नमूद आहे. ते एक रुपया किलोने द्यावे असे मूळ कायद्यातच होते. कर्नाटकाने दक्षिणेत नाचणी आणि उत्तरेत ज्वारी रेशनमधून दिली आहे. ओडिशाने २०१७ मध्ये भरडधान्य अभियान सुरू केले, आदिवासी जिल्ह्यांत नाचणी हमीभावाने खरेदी केली, ती रेशनवर वाटली, आणि अंगणवाडीतल्या मुलांना नाचणीचे लाडू देऊन पाहिले. तेथे गावपातळीवरचे बरेच काम स्त्रियांच्या गटांनी केले. महाराष्ट्रातही अधूनमधून काही जिल्ह्यांत रेशनवर ज्वारी आली, पण ती कोठली तरी, केव्हा तरी, आणि कधी कधी जनावराने तोंड लावू नये अशी. दूरवरून आलेल्या आणि कोणाच्याच मालकीच्या नसलेल्या पोत्याचे असेच होते. शेजारच्या गावची ज्वारी असती तर पाठविणाऱ्याला आठवडी बाजारात तोंड दाखविणे कठीण झाले असते.

माझे म्हणणे थोडे आकड्यांत मांडतो. उदाहरणादाखल सोलापूर, बीड किंवा धाराशिव जिल्ह्यातील एक तालुका घेऊ, आणि त्यात रेशनवरील ३० हजार कुटुंबे, घरटी सरासरी पाच माणसे धरू. माणशी ५ किलोप्रमाणे कुटुंबाला महिन्याला २५ किलो, म्हणजे वर्षाला ३ क्विंटल धान्य मिळते. त्यातला एक तृतीयांश हिस्सा, म्हणजे १ क्विंटल, ज्वारीच्या रूपाने द्यायचा ठरविला तर तालुक्याला ३० हजार क्विंटल ज्वारी लागेल. रब्बी ज्वारी हेक्टरी ८ क्विंटल धरली तर पावणेचार हजार हेक्टर क्षेत्र पुरते. २०२४-२५ च्या हंगामासाठी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,३७१ रुपये होता, मालदांडीला ३,४२१. पहिल्या दराने सगळी खरेदी झाली तर खर्च सुमारे १० कोटी ११ लाख रुपये येतो. पंजाब-छत्तीसगडकडून आणलेला तांदूळ खरेदी, वाहतूक, साठवण, व्याज हे सर्व धरून सरकारला किलोमागे ३५ रुपयांच्या वर पडतो. ज्वारीची साठवण गावातच झाली तर तिचा खर्च याहून फारसा वेगळा येणार नाही. फरक एवढाच की हे दहा कोटी तालुक्यातच राहतील, आणि त्यांच्यासोबत कडबा, मजुरी आणि जमिनीचा कस हेही राहतील. शासकीय हिशेबात कडब्याला रकाना नाही. पण जिरायत घरात दुधाचा रतीब कडब्यावरच चालतो.

यावर अन्नखात्याचे अधिकारी सांगतील की भरडधान्य टिकत नाही. काही काळ नियमच असा होता की खरेदी केलेले भरडधान्य तीन महिन्यांत वाटून संपवावे. २०२१ मध्ये ज्वारी व नाचणीसाठी ही मुदत वाढविण्यात आली. वस्तुतः नाचणी वर्षानुवर्षे टिकते. बाजरीचे पीठ मात्र लवकर कडवट होते, हे घरोघरच्या बायांना माहीत आहे. तेव्हा हा आक्षेप बाजरीपुरता अर्धा खरा आहे. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष नेमका उलट आहे. जे धान्य लांबच्या प्रवासाला आणि लांबच्या साठ्याला चालत नाही त्याची खरेदी, साठवण आणि वाटप जवळच व्हायला हवे. अन्न महामंडळाची पद्धत त्याला लागू पडत नाही एवढेच यातून सिद्ध होते.

दुसरा आक्षेप गंभीर आहे आणि तो आपल्याच बाजूची माणसे घेतील: गावात किल्ली दिली म्हणजे ती सरपंचाच्या, सोसायटीच्या चेअरमनच्या, जातीने व जमिनीने मोठ्या असलेल्याच्या कमरेला जाईल. ही भीती सार्थ आहे. वर साखरेचे आणि अंगणवाडीच्या आहाराचे जे सांगितले ते याच कारणासाठी. म्हणून समितीत भूमिहीन, दलित-आदिवासी व एकट्या स्त्रियांचे बहुमत कायद्यानेच असावे, ‘प्राधान्य’ देऊन भागणार नाही. मोजमाप चावडीसमोर उघड्यावर व्हावे, आणि कोणाला किती मिळाले याची यादी भिंतीवर लावून वर्षातून दोनदा ग्रामसभेत वाचली जावी. जहिराबादची रांगोळी शासननिर्णयात बसणार नाही, पण तिच्यातली उघडपणाची अट बसू शकते.

आणि तिसरी गोष्ट स्वयंसेवी संस्थांच्या मित्रांसाठी. जहिराबादचा धान्यनिधी लोकांच्या कष्टावर उभा राहिला हे खरे. पण त्याचे पहिले भांडवल सरकारी खजिन्यातून आले होते. ‘लोकांनी स्वतः करावे’ हा उपदेश ज्या सरकारांना स्वतः काही करायचे नसते त्यांना फार आवडतो. अडीच हजार एकरांवरचा प्रयोग ८० कोटी लोकांच्या रेशनची जागा घेऊ शकत नाही, आणि तशी अपेक्षाही तेथील स्त्रियांनी कधी केली नाही. त्यांनी एवढेच दाखविले की सरकारचा पैसा आणि गावातल्या सर्वांत खालच्या माणसाचे मोजमाप एकत्र आले तर त्याच पैशात धान्यही मिळते आणि पडीक जमीनही उठते. यातले एक काढून घेतले की दुसरे टिकत नाही.

सध्याच्या खरेदीत अडचण कोठे येते तेही सांगितले पाहिजे. हमीभावाच्या केंद्रावर माल घालायचा तर ऑनलाइन नोंदणी हवी, सातबारा हवा, त्यावर पिकाची नोंद हवी. ज्वारीची निंदणी, काढणी, खुडणी, मळणी बाई करते, आणि सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचे, सासऱ्याचे, नाही तर शहरात गेलेल्या दिराचे. बटाईने कसणाऱ्याचे तर नाव कोठेच नसते. तो आपला माल नाइलाजाने व्यापाऱ्याला देतो आणि तोच माल व्यापारी दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर केंद्रावर आणून घालतो. गावच्या समितीला कोणत्या शेतात कोण राबले हे ठाऊक असते; तिचा दाखला सातबाऱ्याच्या जागी ग्राह्य धरला की ही पळवाट बंद होते. याला पैसा लागत नाही, एक परिपत्रक लागते.

पैसा लागतो तो वेळेवर. रब्बी ज्वारी माघ-फाल्गुनात खळ्यावर येते, आणि उचल फेडण्यासाठी शेतकरी ती आठ दिवसांत विकतो. खरेदीचे आदेश निघून केंद्र उघडेपर्यंत लहान शेतकऱ्याच्या घरात खाण्यापुरतीच ज्वारी उरलेली असते. तेव्हा तालुक्याच्या दहा कोटींपैकी निदान निम्मी रक्कम संक्रांतीपूर्वी गावसमित्यांच्या खात्यांवर जमा झाली पाहिजे. शिमगा उलटल्यावर आलेल्या पैशातून जी ज्वारी खरेदी होईल ती व्यापाऱ्याच्या वखारीतली असेल.